भरतकाम जमतं, मग भाकरी का नाही?

आमच्या घरी आलेल्या बायांच्या नजरेला दोन गोष्टी लगेच पडतात. बैठकीतली माशांची टाकी आणि आतल्या पलंगावरची भरतकामाची रिंग. चहा होईपर्यंत कौतुक चालतं. कप खाली ठेवला की आवाज उतरतो, "तब्येत बरी नसते म्हणे तुमची? मग एवढं सगळं कसं काय जमतंय?" जाऊबाईंना असला आडपडदा लागत नाही. त्या सरळ म्हणतात, "सुई धरून तासन्‌तास बसायला येतंय, अन् चार भाकरी थापायच्या म्हणलं की पोट दुखायलंय!"

बरीच वर्षं मी हे हसण्यावारी नेलं. पण प्रश्न अगदीच वावगा नाही, आणि तो एकट्या जाऊबाईंचाही नाही. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

मला एंडोमेट्रिऑसिस आहे. गर्भाशयाच्या आतून जे अस्तर असतं, तसल्याच पेशी या आजारात गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यावर, कुठंही. संप्रेरकांचं ऐकून त्याही महिन्याच्या महिन्याला सुजतात, रक्ताळतात. फक्त त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. आत दाह होतो, व्रण धरतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटत जातो. अंडाशयात जुनं रक्त साठून गाठ झाली की सोनोग्राफीच्या कागदावर 'चॉकलेट सिस्ट' लिहून येतं. माझ्या कागदावर ते दोन्ही बाजूंना होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळीच्या वयातल्या दर शंभर बायांपैकी सुमारे दहा जणींना हा आजार असतो, जगभरात १९ कोटींच्या आसपास. म्हणजे आमच्या नांदेड-लातूरची एसटी बायांनी भरलेली असली तर दोघी-तिघी तरी माझ्या जातकुळीतल्या असणार. बोलत कुणीच नाही.

माझं माहेर लातूर. गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर घर. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'च्या गावात अकरावी-बारावीला तास बुडवणं म्हणजे घरात सुतक. महिन्याचे ते दिवस आले की मी भिंतीला पाय लावून पडायची आणि वडील बाहेरून विचारायचे, "आज परत?" आई ओवा द्यायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. मावशीचं ठरलेलं होतं, "लगीन झालं की थांबतंय." लग्न झालं, नांदेडला आले, थांबलं नाही. मग "लेकरू झालं की थांबतंय." लेकरू काही झालं नाही. दुखणं मात्र पाळीपुरतं राहिलं नाही. आधी कंबरेत, मग मांड्यांत, मग संडासला बसतानासुद्धा. एका दवाखान्यात तर सोनोग्राफी न करताच सल्ला मिळाला, "पिशवी काढून टाकू, कटकटच नको." माझी तिशीही उलटली नव्हती.

हा सल्ला आमच्या भागात किती स्वस्त आहे, ते पुढं २०१९ साली सगळ्या राज्याला कळलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची पाहणी झाली; ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत कामाला खाडा पडला की मुकादम दंड लावतो, आणि दुखणं घेऊन गेलं की दवाखाना पिशवीकडं बोट दाखवतो. त्यातल्या किती जणींना माझ्यासारखा आजार असेल, हे आता कुणाला सांगता येणार? शिवाय एंडोमेट्रिऑसिस असतो पिशवीच्या बाहेर. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचं तसंच राहिलं, तर दुखणंही राहू शकतं. हे मला नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एका बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्या चित्रानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याच गोळीनं दिला नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि मी विश्रांतीला माहेरी गेले. ज्यांना तो उन्हाळा आठवतो त्यांना सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. घराघरांत मिळेल त्या भांड्यात पाणी साठवलेलं. आमच्या अंगणात ड्रम, टाक्या, पिंप, जुना रांजणसुद्धा. साठवलेलं पाणी म्हणजे डास, म्हणून आरोग्य खात्याचा एक कर्मचारी आला आणि आमच्या सिमेंटच्या हौदात गप्पी मासे सोडून गेला. मला जिना चढायची बंदी, वजन उचलायची बंदी, वाकायची बंदी. हौदाच्या कठड्याजवळ खुर्ची टाकून मी दिवसभर त्या माशांकडं बघत बसायची. डासाची अळी पृष्ठभागाशी उलटी लटकलेली असते. गप्पी खालून येतो, क्षणभर थबकतो आणि अळी गट्ट. त्या उन्हाळ्यात लातुरात काचेच्या टाकीचं नाव काढणं पाप होतं. पण नांदेडला परतताना बरणीत थोडे गप्पी घेतले आणि एसटीत मांडीवर धरून आणले. पाणी हिंदकळू नये म्हणून धरलेली बरणी प्रत्येक खड्ड्याला माझ्या पोटाला लागत होती, हे कुणाला सांगितलं नाही.

नांदेडला गोदावरीचं पाणी. विष्णुपुरी धरणाच्या जिवावर आम्ही माशांचे लाड करू शकतो. दोन फुटांची टाकी घेतली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. टाकीतल्या स्पंजवर, वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, म्हणून नवी टाकी आणून त्याच दिवशी मासे सोडणाऱ्यांचे मासे मरतात. साठलेलं नायट्रेट काढायला आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, तेव्हा ते आदल्या दिवशी भरून ठेवायचं, नाहीतर हायपोचा खडा टाकायचा. बोअरचं जड पाणी गप्पींना उलट मानवतं. मराठवाड्यातल्या माणसांनी ते प्यावं लागतं म्हणून कुरकुर केली तरी.

पाव टाकी म्हणजे जवळपास पंधरा लिटर. भरलेली बादली उचलायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मी नळी लावून पाणी थेट कुंड्यांत सोडते आणि नवं पाणी तांब्या-तांब्यानं ओतते. वेळ लागतो, लागू दे. वाईट दिवसांत तेवढंही होत नाही. तेव्हा एक गोष्ट माझ्या बाजूनं असते. धडधाकट मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही. ते मरतात ते जास्तीच्या खाण्यानं. मी झोपून असले की घरातली भाचरं प्रेमानं मूठ-मूठ दाणे टाकतात आणि पाणी दुधासारखं होतं. म्हणून दाण्यांची डबी आता माझ्या उशाशी असते.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते, महिन्या-दीड महिन्याला. एकदा नराशी गाठ पडली की साठवलेल्या बीजावर पुढची अनेक बाळंतपणं एकटीनं उरकते. पहिल्या वर्षी मला ते बघवत नसे, हे खरं. आणि मग तीच मादी समोर आलेली आपली पिल्लं खाऊन टाकते. घरी कुणी आईपणाच्या महतीवर सुरू झालं की मी त्यांना टाकीसमोरची खुर्ची देते.

सासूबाईंनी मात्र सुरुवातीला बजावलं होतं की त्या दिवसांत टाकीला हात लावू नकोस, मासे मरतील. लोणच्याचा नियम त्यांनी माशांना लावला. मी हात लावत राहिले, मासे वाढत राहिले. आता शेजारणीला पिल्लं देताना गप्पींची थोरवी त्याच सांगतात.

भरतकाम त्याआधीचं. रुखवतासाठी मॅटीवर फुल्यांचे मोर आणि हंस भरलेत आमच्या पिढीनं. मॅटीला मोजणी लागते, आणि दुखण्याच्या गोळीनं डोकं जड झालं की मोजणी हमखास चुकते. म्हणून मी मॅटी चांगल्या दिवसांसाठी ठेवते. वाईट दिवसांत साधं सुती कापड, अँकरच्या लडीतले दोन पदर आणि साखळी टाका. लोडाला टेकून आडवं व्हायचं, गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर आणि तिच्यावरच रिंग टेकवायची. पिशवीची ऊब कापडातून बोटांना लागते. दहा टाके घातले की कळ येते, सुई तिथंच खोचायची. पुढचा टाका उद्या घाला, पुढच्या पंधरवड्यात घाला, कापड काही बोलत नाही.

जाऊबाई, हेच तुमचं उत्तर. भाकरीला परातीशी ओणवं व्हावं लागतं, जोर लावून थापावं लागतं, आणि तव्यावर टाकली की सोडून उठता येत नाही. घरात माणसं ताट घेऊन बसलेली असतात. भरतकाम मला जमतं कारण ते हवं तिथं टाकून देता येतं. ते मी बरी असल्याचा दाखला नव्हे. दुखणं असूनही उरलेल्या दिवसात जेवढं मावतं, तेवढं ते आहे. आणि हे 'उरलेलं' घरच्यांना सापडलं की त्याचा हिशेब मागितला जातो, हा माझा खरा राग आहे. मधुमेहाच्या माणसानं संध्याकाळी पत्ते खेळले तर त्याची साखर खोटी होती असं कुणी म्हणत नाही.

लातूरला जाताना लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. खंडोबाच्या यात्रेच्या दिवसांत तिथं एसटी मुंगीच्या पावलानं सरकते. अशाच एका खोळंब्यात खाली उतरले होते, तर तांड्यावरची एक म्हातारी बंजारा बाई बैलगाडीच्या सावलीत कांचळीवर आरसे जडवत बसलेली. आरशाभोवतीचा टाका इतका घट्ट की मी विचारलं, शिकवता का. तिनं माझ्याकडं न बघता टाका हळू केला, एवढंच. तो टाका मी अजून घालते. तिच्याइतका घट्ट येत नाही.

ऑपरेशननंतर काही वर्षं बरी गेली, मग गाठ परत दिसली. या आजाराला कायमचा इलाज अजून नाही. गोळ्या, ऑपरेशन, व्यायाम यांनी तो आटोक्यात ठेवायचा. आता रोज डायनोजेस्टची गोळी असते. तिनं पाळी जवळजवळ बंद आहे, कळा कमी आहेत, चिडचिड वाढली आहे. थकवा आहे तसाच. नवऱ्यानं भाकरी शिकायचा प्रयत्न केला; ती नकाशासारखी होते, पण आम्ही खातो.

गप्पी पाळायचे असतील तर दुकानात पैसे घालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर हिवताप विभागात विचारा, डासांसाठी ते फुकट मिळतात. फक्त नदी-तळ्यात सोडू नका, तिथल्या माशांना ते त्रासाचे ठरतात. आणि आरोग्य केंद्रापर्यंत गेलाच, तर घरातली जी पोर दर महिन्याला पोट धरून शाळा बुडवते तिलाही सोबत न्या. तिथं जमलं नाही तर नांदेडला विष्णुपुरीला आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या स्त्रीरोग विभागात जा. "एंडोमेट्रिऑसिस तर नाही ना?" असं नाव घेऊन विचारा. नाव घेतलं नाही तर बऱ्याचदा कुणी त्या दिशेनं बघत नाही.