पान आणि पूड

कोकाच्या झुडपाने कोकेन माणसासाठी बनवलेले नाही. तंबाखूतल्या निकोटीनप्रमाणे तेही पाने कुरतडणाऱ्या किड्यांवरचे विष. माणसाच्या मेंदूवर ते चालते हा योगायोग. मात्र त्याभोवती अँडीजच्या डोंगरात जी रीत उभी राहिली, तिच्यामागे हजारो वर्षांची पारख आहे. पेरूमध्ये चुन्याबरोबर कोका चघळल्याच्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. आपल्याकडे तंबाखू चुन्याबरोबर मळतात, तसे तिथे पानांबरोबर चुना किंवा राख गालात धरतात. त्याने द्रव्य मोकळे होते. वाळलेल्या पानात कोकेन साधारण एक टक्का, बहुधा त्याहूनही कमी. ते सावकाश उतरते, भूक आणि शीण थोडा मागे सारते. आयमारा आणि केचुआ लोक ही पाने पाचामामाला, म्हणजे भूमातेला, वाहतात आणि पाहुण्यापुढेही ठेवतात. १८६०च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट नीमन यांनी शुद्ध कोकेन वेगळे केले, तेव्हा पानाचा हा सावकाशपणाही गळून पडला आणि उरली ती पूड. गुन्हेगारी आणि जीवघेणे व्यसन वाढले ते या पुडीभोवती. शिक्षा मात्र पानालाही झाली.

१९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात पान आणि पूड एकाच यादीत आली, आणि कोका चघळणे २५ वर्षांत बंद करावे असे ठरले. त्याच कराराने गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने वगळली. म्हणूनच भारताच्या १९८५च्या कायद्यातही भांग त्या व्याख्येबाहेर राहू शकली. एवढेच नव्हे, अल्कलॉइड काढून टाकलेला कोकाचा स्वाद वापरायची मुभा कारखान्यांना मिळाली. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या गालातले पान तेवढे निषिद्ध ठरले. हा अन्याय मला फार खुपतो. बोलिव्हियाने अखेर करार सोडला आणि २०१३मध्ये कोका चघळण्याचा हक्क राखून तो देश पुन्हा त्यात आला.

पान मोकळे सोडले तर पूडही वाढेल, ही भीती खोटी नाही. पण एक किलो कोकेनला शेकडो किलो पाने, शिवाय इंधन, आम्ले आणि प्रयोगशाळा लागते. लगाम घालायचा तर तिथे घालता येतो. याहून अवघड आक्षेप तंबाखूचा. मिश्री, तंबाखू-चुना ही पानाचीच रूपे, महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली, आणि तरीही त्यांनी तोंडाचा कर्करोग घरोघरी आणला. म्हणजे रूढी कुणाला वाचवत नाही, ‘नैसर्गिक’ हा शब्दही वाचवत नाही, हे मान्यच करायला हवे. माझा आग्रह रूढीला सूट देण्याचा नाहीच. वनस्पती कोणत्या रूपात, किती प्रमाणात घेतली जाते आणि त्या रूपात शरीराचे काय होते, एवढेच तपासावे. ही कसोटी तंबाखूला लावली तर ती आजच्यापेक्षा कितीतरी कडक बंधनांत जाईल. कोकाच्या पानाला लावली तर त्याला पुडीच्या यादीत ठेवण्याचे कारण उरत नाही.