लंबकाचा अर्धा सेकंद

ओहायोतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्‌स विद्यापीठात मी पहिल्या वर्षाची फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. आमच्याकडे फिजिक्सची पीएच.डी. नाही, म्हणून संशोधक विद्यार्थीही नाहीत. वर्गात शिकवणं, प्रॅक्टिकलला उभं राहणं आणि वह्या तपासणं ही सगळी कामं प्राध्यापकच करतात. एका टेबलावर जीवशास्त्राची मुलगी, तिच्या शेजारी इतिहासाचा मुलगा, पलीकडे व्हायोलिन शिकणारी. यातले बहुतेक जण पुढे फिजिक्सकडे वळणार नाहीत. तरीही ते दुपारभर माझ्यासमोर असतात, आणि त्या वेळाचं मोल मला फार वाटतं.

माझं कॉलेज महाराष्ट्रातलं. साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचं, ते ९८१च्या आसपास आलं की जर्नलवर सही. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे रीडिंगकडे कुतूहलानं बघायची वेळच यायची नाही.

इथे मी तोच लंबक वेगळ्या प्रश्नासाठी टांगते. आयाम बदलला तरी आवर्तकाल बदलत नाही, असं पुस्तक म्हणतं. मग एक मीटरचा लंबक १० अंशांवरून सोडा, २० अंशांवरून सोडा, आणि मला सांगा. एकाच आंदोलनाची वेळ मोजली तर काही कळत नाही. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाचीच चूक सेकंदाच्या एक-दोन दशांशांची असते. मग कुणीतरी २० आंदोलनं मोजतं, कुणी ५०. लंबक सर्वांत खाली, सर्वांत वेगात असताना घड्याळ दाबलं तर रीडिंग एकमेकांशी जुळतात, हेही त्यांनाच सापडतं. आणि ५० आंदोलनांवर जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक दिसू लागतो.

इथे टेबलावर शांतता पसरते. पहिला संशय स्वतःवर. पुन्हा मोजतात, माणसं बदलून मोजतात. एकदा ती व्हायोलिनवाली म्हणाली, “आपण चुकत असतो तर फरक कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. हा दर वेळी एकाच बाजूला जातोय.” त्यानंतरच मी सांगते, की पुस्तकातलं सूत्र लहान कोनांपुरतं आहे, १० आणि २० अंशांच्या आवर्तकालात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक असायलाच हवा.

ही कल्पना माझी नव्हे. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांनी २०१५ साली या प्रयोगावर शोधनिबंध लिहिला. होम्स आणि वीमन यांनी २०१८मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: वर्गातला सिद्धांत पक्का व्हावा म्हणून घेतलेल्या प्रॅक्टिकल्सनी परीक्षेतल्या गुणांत मोजण्याजोगी भर पडत नाही. मला हे पूर्ण पटतं. प्रॅक्टिकलनं स्वतःचं काम करावं, म्हणजे मोजलेल्यावर किती विश्वास ठेवायचा हे शिकवावं. म्हणून माझ्याकडे गुण उत्तराच्या जवळिकीला नसतात. फरक खरा की बोटाचा, हे कसं ठरवलंत याला असतात.

महाराष्ट्रातल्या माझ्या शिक्षकमित्रांना एवढीच विनंती: वर्षातलं एक तरी प्रॅक्टिकल उत्तर न सांगता द्या. दोरा, एक जड गोळा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, एवढ्यावर ते होतं.