साताऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यालय

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी खंबाटकीचा घाट ओलांडून पुढे आला, की काही वेळाने त्याला अजिंक्यताऱ्याचे दर्शन घडते. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा शहर मराठ्यांची राजधानी म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु बहुजनांच्या शिक्षणाच्या दृष्टीनेही ही भूमी तीर्थासमान मानावी लागेल. येथेच १९४० साली महाराजा सयाजीराव विद्यालयाची स्थापना झाली.

विद्यालयाचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकाच पंगतीला बसून जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

कीर्ती वाढली, तरी कोठीत धान्य नेहमीच असे असे नाही. वसतिगृहाचा खर्च भागेना, तेव्हा भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने परक्यांच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जेवू घातले. १९३० साली त्यांचे निधन झाले. ज्या कार्यासाठी त्यांनी सौभाग्यलेणे उतरविले, त्यातून उभे राहिलेले विद्यालय त्यांना पाहावयास मिळाले नाही.

प्राथमिक शिक्षण घेतलेला खेड्यातील मुलगा माध्यमिक शाळेच्या फीपाशी अडत असे. ती अडचण दूर करण्यासाठी हे विद्यालय निःशुल्क व निवासी ठेवण्यात आले. बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांचे नाव त्यास देणे सर्वथा उचित होते. ‘कमवा व शिका’ हा विद्यालयाचा पाया होता. विद्यार्थी शेतात राबत, खोदकाम करीत आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात शिकत. त्यामुळे गरिबाच्या मुलाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही आणि सधनाच्या मुलालाही कुदळ धरण्यात कमीपणा वाटला नाही.

या प्रयोगाच्या यशाने संस्थेचा विस्तार पुढे वाढत गेला. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण किताब लाभला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. आज संस्थेची चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आहेत. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, ते यथार्थच होय.

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. साताऱ्याच्या त्या पंगतीत आहारदान व ज्ञानदान एकत्र आले. जातीमुळे दूर लोटल्या गेलेल्या मुलाला तेथे पाटावर हक्काची जागा मिळाली, तेव्हा अभयदानही घडले. व्यापारी कुटुंबांत दिवाळीला वहीपूजन होते आणि वर्षाचा जमाखर्च मांडला जातो. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची रक्कम मात्र कोणत्याही वहीत खर्ची पडलेली नाही. साताऱ्यात शिकून गावोगावी परतलेल्या मुलांच्या घरी ती अजूनही जमेस आहे.