इंजिन बदलण्याआधी

चि. भाचीस,


जीपचं इंजिन बदलू नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मग सांगतो. फोनवर ती नीट सांगता आली नसती. शिवाय जुनी जीप, ट्रॅक्स किंवा जिप्सी सांभाळणाऱ्या इतरांनाही ती उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आपली जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०. तिच्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, ८३ मिलिमीटर स्ट्रोक. हिशेब तूच करून बघ, २११२ सीसी येतील. ताकद ६२ अश्वशक्ती. महिंद्राने ही इंजिनं इगतपुरीला बनवली, म्हणजे तू नोकरीसाठी गेलीस त्याच नाशिक जिल्ह्यात. प्यूजोच्या ५०४ या मोटारीत याच घराण्याचं इंजिन होतं आणि आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांवर ती मोटार वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून राबली. कागदावर ६२ चा आकडा लहान दिसतो. पण लो रेंजमध्ये टाकलेली जीप वेल्ह्याच्या चिखलातून त्याच आकड्यावर बाहेर येते.

इंजिन तीस-पस्तीस वर्षांचं झालं म्हणजे भरवशाचं राहिलं नाही, असं तुला कुणीतरी सांगितलंय. वयापेक्षा इंजिनाला धूळ, उष्णता आणि पाणी जास्त लवकर संपवतात. एक उदाहरण घे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ हे इंजिन परवान्याने बनवून बसवलं. मर्सिडीजच्या २४० डी मोटारीतही तेच होतं. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी १९७६ची २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ साली ती मोटार मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. त्यांच्याकडे तीन इंजिनं होती आणि ती आळीपाळीने गाडीवर चढत. म्हणजे उतरवलेलं इंजिन उघडायचं, दुरुस्त करायचं आणि पुढच्या फेरीसाठी तयार ठेवायचं. त्या ४६ लाखांत इंजिनाच्या आराखड्याइतकाच वाटा या शिस्तीचा आहे.

आता धुळीचं बघ. आपल्या जीपचा एअर क्लीनर ऑइल बाथ पद्धतीचा आहे. हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात बसते. पानशेतच्या पलीकडे कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीमागे दिवसभर चाललीस, तर घरी आल्यावर ते भांडं उघडायचंच. तळाशी गाळ दिसला की तेल फेकायचं, भांडं डिझेलने धुवायचं आणि खुणेपर्यंतच नवं तेल भरायचं. पण खरा घात बहुतेक वेळा क्लीनरच्या पुढे होतो. क्लीनर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला रबरी होज कडक होऊन चिरतो किंवा त्याची क्लिप सैल होते. तिथून न गाळलेली हवा आत जाते. ती धूळ तेलात मिसळली की व्हॉल्व्ह लॅपिंगला वापरतात तसली पेस्ट तयार होते आणि रिंगा व बोअर घासून काढते. त्यामुळे महिन्यातून एकदा तो होज हाताने वाकवून बघ. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण अलगद उचल. धुराचे जोरदार भपके येत असतील तर कॉम्प्रेशन रिंगांवरून खाली उतरतंय. त्यावर ऑइलचा ब्रँड बदलणं हा उपाय नव्हे. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यायची.

उष्णतेबाबत आपल्याकडे एक वाईट सवय आहे. गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतात. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हवं तेवढं गरम व्हायला फार वेळ घेतं, थंडीत तर कधी होतच नाही. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी वाढते, ऑइलमधलं पाणी उडून जात नाही आणि झीज वाढते. गाडी तापण्याचं मूळ कारण मात्र जागेवरच राहतं: आतून क्षार बसलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट, थकलेला वॉटर पंप, फॅनभोवतीचं फेकून दिलेलं काउल किंवा जाळीत वाळलेला चिखल. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी कधीही घालू नकोस. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट यांचंच मिश्रण ठेव. ताम्हिणीतून आल्यावर जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धू, म्हणजे अडकलेली माती उलटी निघते. घाटात काटा चढू लागला तर बाजूला थांबून इंजिन जरा चढ्या आयडलिंगवर चालू ठेव. पाणीच निघून गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद कर. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. एकदा हेड वाकलं की गॅस्केट बदलून भागत नाही. हेड फेसिंगला द्यावं लागतं आणि बोल्ट टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमानेच आवळावे लागतात.

पाण्याचा धोका तुला तुझ्याच, म्हणजे इंजिनिअरच्या, भाषेत सांगतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर साधारण २२ आहे. एका सिलिंडरची क्षमता ५२८ सीसी. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना शिल्लक राहणारी जागा जेमतेम २५ सीसी, पाच लहान चमचे. त्याहून जास्त पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात ओढा ओलांडताना दुसऱ्याची गाडी गेली म्हणून आपली घालू नकोस. आधी खाली उतरून पाण्याची खोली बघ. इंजिन पाण्यात बंद पडलं तर सेल्फ मारून बघायचा मोह आवर. गाडी ओढून बाहेर काढ, इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून इंजिन हाताने फिरव आणि पाणी बाहेर येऊ दे.

डिझेलचं काम सोपं आहे, पण ते वेळेवर करावं लागतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पाणी काढत जा. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढायला शीक आणि हे स्वतः कर, कारण रस्त्यात बंद पडलेल्या जुन्या डिझेल गाड्यांपैकी अनेकींच्या लाइनमध्ये नुसती हवा धरलेली असते. एक पाना, थोडी रबरी नळी आणि क्लिपा कायम डॅशबोर्डात ठेव. डिझेल इंजिनातलं ऑइल काळं होणारच, त्याला घाबरू नकोस. ते दुधाळ दिसलं तर घाबर, कारण त्यात पाणी शिरलंय. १५डब्ल्यू-४० ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदल आणि गाडी कमी फिरली तरी वर्षाला एकदा बदलच. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे गाडीची काळजी घेणं नव्हे. मी आठवड्यातून एकदा कर्वेनगरातून राजाराम पुलावरून खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो. काटा स्थिर होतो, ऑइल पुरतं गरम होतं आणि ब्रेकही मोकळे राहतात. जीप नाशिकला नेलीस की तू असाच एखादा रस्ता ठरव.

राहिला नव्या इंजिनाचा प्रश्न. कॉमन रेल इंजिन जास्त स्वच्छ आणि ताकदवान असतं, हे मला मान्य आहे. पण ती ताकद एकटी येत नाही. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, एक्सल, ब्रेक आणि रेडिएटर हे सगळं ६२ अश्वशक्तीच्या हिशेबाने जुळवलेलं आहे. त्यातला एक भाग वाढवला की बाकीचे एकामागून एक बोलू लागतात. वायरिंग आणि कंट्रोल युनिट जोडायला दुसराच जाणकार शोधावा लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी कराव्या लागणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणाला तू अडकशील. त्याच पैशांत पंप-नोझलचं कॅलिब्रेशन, रेडिएटरचा नवा कोअर, सगळे होज आणि गरज पडलीच तर रिंगा-बेअरिंगचं काम होतं. या इंजिनाचे बरेच सुटे भाग नाना पेठेत आजही मिळतात. आणताना जुना भाग हातात घेऊन जा आणि दुकानातच दोन्ही शेजारी ठेवून बघ.

धुराबाबत मात्र मी कुठलीही सवलत देणार नाही. गार इंजिनातून सकाळी थोडा पांढरा धूर चालेल. गरम झाल्यावरही पांढरा येत असेल तर हेड गॅस्केट तपास. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर आधी एअर क्लीनर, मग नोझल. पीयूसीचा कागद ओळखीने मिळवायचा नाही. कर्वेनगरच्या गल्ल्यांतून शाळेची मुलं चालत जातात आणि आपली हौस त्यांच्या छातीत जाता कामा नये. दुरुस्तीनंतरही प्रामाणिक चाचणीत जीप नापास झाली, तर ती उभी करायची. हे मी आजच लिहून देतो.

शेवटी शिकण्याबद्दल. कर्वेनगर पूर्वी हिंगणे बुद्रुक होतं. १९०० साली महर्षी कर्व्यांनी आपली संस्था इथल्या माळावर आणली आणि ते शहरात शिकवायला पायी जात. त्याच संस्थेने १९९१ मध्ये कमिन्सच्या सहकार्याने मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं आणि तू तिथून मेकॅनिकल झालीस. आपल्या कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाड्या यंत्रांवर तपासतात आणि टेकडीखाली मिस्त्री इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून कुठलं टॅपेट वाजतंय ते सांगतात. तुला दोन्ही प्रकारचं ज्ञान हवं. मिस्त्रींना नमस्कार करून शेजारी उभी राहा, प्रश्न विचार, हात काळे कर. त्यांना पूर्ण मजुरी दे. अशा इंजिनांवर हात बसलेली माणसं आता कमी होत चालली आहेत आणि त्यांची विद्या कुठल्याही पुस्तकात उतरलेली नाही.

एक वही कर. तारीख, किलोमीटर, ऑइल किती घातलं, काटा कुठे होता, धुराचा रंग, कुठला आवाज नवा वाटला, सगळं लिही. वर्षभर ही वही इमानाने लिहून बघ. त्यानंतरही इंजिन बदलावं असं तुझ्या नोंदी सांगत असतील, तर मी स्वतः तुझ्याबरोबर आरटीओत येईन. तोवर मात्र नव्या इंजिनाला एक रुपयाही आगाऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा
कर्वेनगर, पुणे