पंधराव्या दिवसानंतर

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावावे की नाही यावरून जो गदारोळ झाला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 'लावू नये' असे पत्र काढले आणि लगेचच ते मागेही घेतले. त्याआधी राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात नावापुढे 'डॉ.' आणि शेवटी 'पीटी' ही अक्षरे असावीत अशी शिफारस आली होती. त्या आठवड्यात मला विद्यार्थ्यांचे पुष्कळ संदेश आले. बहुतेकांचा प्रश्न एकच: "ताई, निदान पीएच.डी. केल्यावर तरी लावता येईल ना?" येईल. विद्यापीठाच्या त्या पदवीवर कोणाचाच आक्षेप नव्हता. पण त्या पीएच.डी.त नेमके करायचे काय, हे एकानेही विचारले नाही. न विचारलेल्या त्या प्रश्नाचे, मला जमेल तेवढे, हे उत्तर.

मी मूळची मिरजेची. गेली काही वर्षे बेंगळुरूत आहे. सकाळी ओपीडी आणि दुपारनंतर संशोधन अशी अर्धवेळ पीएच.डी. चालू आहे. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस घरी परतल्यावर त्याचे पुढे काय होते, हा माझा विषय. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावात मराठी कानावर पडणे तसे नवलाचे नाही. पण ओपीडीच्या रांगेत बेळगाव, खानापूर, बिदर भागातली मराठी ऐकू आली की अजूनही मान आपोआप वळते. रुग्णाच्या घरच्या गोष्टी रुग्णाच्या घरच्या भाषेत विचारता येणे, हे माझ्या संशोधनाचे मोठेच भांडवल आहे.

आधी क्षेत्राविषयी थोडे. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू झाले ते कमला निंबकर यांच्यामुळे. त्या जन्माने अमेरिकन. लग्नानंतर महाराष्ट्राच्या झाल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचे नाव अनेकांना माहीत असते, त्यांचे हे काम मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या काळात हा व्यवसाय गुरूच्या हातून शिष्याच्या हातात गेला. सांधा कसा धरावा, रुग्णाला कसे उभे करावे, हे पाहून आणि करून शिकायचे. हे का करायचे आणि याने खरेच फरक पडतो का, हे प्रश्न बाहेरच्या पुस्तकांवर सोपवलेले होते. विद्यापीठीय संशोधन फार उशिरा आले. कर्नाटकाचे स्वतंत्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, राजीव गांधींच्या नावाचे, १९९६ मध्ये बेंगळुरूत सुरू झाले. निम्हान्सला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९९४ साली. पुढे २०२१ चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत. फिजिओथेरपिस्ट त्यात आहे, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आहे, आणि रुग्णालयाची नोंद-माहिती सांभाळणाराही आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी पदवीचे किमान ३,६०० तास या कायद्याने ठरवून दिले. संशोधनाचे तास मात्र कोणी मोजून देत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. पक्षाघाताच्या रुग्णाची प्रगती मोजायची तर जगभर एक जुने मापन वापरतात: बार्थेल निर्देशांक. १९६५ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी तो प्रसिद्ध केला. यातल्या बार्थेल या फिजिओथेरपिस्ट होत्या, हे 'डॉ.'च्या वादात कोणाला आठवले नाही. दैनंदिन जीवनातल्या दहा क्रिया, एकूण गुण शंभर. खाणे, अंघोळ, कपडे घालणे, संडास वापरणे, पलंगावरून खुर्चीत येणे, जिना चढणे वगैरे. पाच मिनिटांत भरता येतो, म्हणूनच तो साठ वर्षे टिकला.

खाण्याच्या प्रश्नात मदत कशाला लागते याची उदाहरणे दिलेली आहेत. त्यांत पदार्थ कापणे आहे आणि पावाला लोणी लावणे आहे.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा हसू आले. पण त्या लोण्याने माझे दीड वर्ष खाल्ले. प्रश्न नुसत्या अनुवादाचा असता तर 'लोणी लावणे' काढून 'भाकरी मोडणे' घातले असते आणि पुढे गेले असते. खानापूरकडच्या एका काकूंनी मात्र तो प्रश्न फार वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवला. त्यांच्या यजमानांची उजवी बाजू गेलेली. तीन महिन्यांनी ते डाव्या हाताने नीट जेवू लागले होते. सांडत नव्हते, कोणाची मदत लागत नव्हती. निर्देशांकाच्या हिशेबाने खाण्याचे दहापैकी दहा गुण. मी तसे काकूंना म्हटले, तर त्या म्हणाल्या, "जेवतात हो ताई. पण पंगतीला बसत नाहीत. डाव्या हातानं चारचौघांत कसं जेवायचं म्हणतात. पुतण्याच्या लग्नात उपाशी घरी आले."

मेरीलँडच्या तक्त्यात कोणता हात, हा रकाना नाही. तिथे त्याची गरजही नसावी. आपल्याकडे जेवणाचा हात ठरलेला असतो, आणि तो गेला की घास तोंडापर्यंत जाऊनही माणूस पंगतीतून उठतो. संडासाचेही तसेच. रुग्णालयातल्या कमोडवर पूर्ण गुण मिळवणारा रुग्ण घरी उकिडवे बसायच्या संडासापाशी अडतो. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि आधाराशिवाय उठणे, हे तर त्या दहा क्रियांत कुठेच नाही; आणि आमच्या रुग्णांचे जेवण, पूजा, निवडणे-टिपणे, गप्पा, सगळे जमिनीवर.

मग मापनच बदलावे का? माझ्या मार्गदर्शक मॅडम याबाबत कठोर आहेत. मूळ मापनाला हात लावला तर जगातल्या कोणत्याही अभ्यासाशी तुलना करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे. म्हणून आम्ही बार्थेलला धक्का न लावता त्याच्या जोडीला कन्नड आणि मराठीत एक स्वतंत्र प्रश्नावली तयार करतो आहोत. या कामाची रीत किचकट आहे. दोन जणांनी वेगवेगळा अनुवाद करायचा, तो जुळवायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत आणायचा, तज्ज्ञांच्या समितीने एकेक शब्द तपासायचा, मग थोड्या रुग्णांवर वापरून पाहायचा. तेच प्रश्न काही दिवसांनी त्याच माणसाला विचारले तर उत्तर तेच येते का, हेही पाहायचे. विद्यार्थ्यांना हे कारकुनी वाटते. मला मात्र वाटते की आमच्या क्षेत्रातले खरे शास्त्र इथे आहे. काय मोजायचे ते आधी कोणीतरी ठरवलेले असते, आणि जे मोजले जात नाही त्यावर उपचारही होत नाही.

याच काळात मॅडमनी मला एक शोधनिबंध तीनदा वाचायला लावला. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला 'अटेंड' हा भारतातला अभ्यास. १४ रुग्णालये, पक्षाघाताचे १,२५० रुग्ण. प्रशिक्षित थेरपिस्ट सगळीकडे पुरत नाहीत, तेव्हा घरच्याच माणसाला शिकवावे आणि त्याने घरी पुनर्वसन करून घ्यावे, ही कल्पना. कोणालाही पटेल अशी. निम्म्यांना ही शिकवण मिळाली, निम्म्यांना नेहमीची सेवा. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन किती, हे मोजले. पहिल्या गटात ४७ टक्के. दुसऱ्या गटात ४७ टक्के.

या निकालाने आमच्यातले बरेच जण खट्टू झाले. मला तो आपल्या देशातल्या पुनर्वसन संशोधनाचा सर्वांत मोलाचा निकाल वाटतो. 'कुटुंब आहे ना' हे आपल्याकडे न लिहिलेले धोरण आहे. थेरपिस्ट नेमायला पैसा नाही, कुटुंब आहे ना. गावात केंद्र नाही, कुटुंब आहे ना. हे कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा बायको, सून नाहीतर मुलगी, जिला स्वयंपाक, गुरे, शेत यांतून उरलेल्या वेळात व्यायाम करून घ्यायचा आहे. तिला थोडे शिकवून काम भागेल का, याचे उत्तर इतक्या मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीतून आले, की त्या पद्धतीने तरी नाही. ही चाचणी झाली नसती तर आपण तेच धोरण आणखी वीस वर्षे समाधानाने चालवले असते.

याच्या शेजारी २०१४ चा, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास ठेवून पाहावा. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथले २८२ रुग्ण. तिथे डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले आणि देखरेखीखाली काम करणारे कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात. वर्षभराने लक्षणे आणि अपंगत्व यांत माफक का होईना, घट दिसली. दोन आजार वेगळे, मापने वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. तरी कार्यकर्त्याला पगार होता आणि सुनेला नव्हता, हा फरक माझ्या डोक्यातून जात नाही.

इथवर विषय माझ्या व्यवसायाच्या कुंपणात होता. तो बाहेर पडला माझ्या शेजारच्या टेबलामुळे. तिथे रुग्णालय व्यवस्थापनात पीएच.डी. करणारा एक तेलुगू मित्र बसतो. त्याचा विषय, रुग्ण खाटेवर सरासरी किती दिवस राहतो आणि खाट लवकर मोकळी कशी होईल. पहिले वर्षभर मी त्याला मनातल्या मनात शत्रुपक्षात टाकले होते. एकदा आम्ही दोघांनी एका कागदावर एकाच रुग्णाची दिवसांची रेघ आखली. त्याची रेघ रुग्णालयातून सोडण्याच्या दिवशी संपत होती. माझी तिथून सुरू होत होती. मग त्याने मधे एक खूण केली. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरला जातो, आणि ओपीडीतल्या फेऱ्या त्यात बसत नाहीत. पक्षाघातातून सावरण्याचा वेग सर्वाधिक असतो तो पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे सुधारणेची संधी नव्वद दिवसांची आणि हिशेब पंधरा दिवसांचा. सोळाव्या दिवशी खानापूरहून पाचशे किलोमीटर प्रवास करून येणाऱ्याने तिकीट, मुक्काम आणि बुडालेली मजुरी आपल्या खिशातून भागवायची. तो येत नाही, आणि आम्ही कागदावर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असे लिहितो.

हा कागद आम्ही भिंतीवर चिकटवला आहे. पुनर्वसन आणि व्यवस्थापन या दोन विद्याशाखा आहेत असे प्रवेशपुस्तिकेत छापलेले असते. त्या रेघेवर तरी मला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत.

विद्यार्थ्यांनी हेही ऐकावे की आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळ प्रबंधांना असा प्रश्नच नसतो. पदोन्नतीसाठी पीएच.डी. हवी, म्हणून 'अमुक व्यायामाचा तमुक दुखण्यावरील परिणाम', रुग्ण तीस, कारण तेवढेच मिळाले. तुलनेचा गट नाही. आधी मोजले, नंतर मोजले, फरक पडला. आपोआप बरे होणाऱ्या दुखण्यात फरक पडणारच. ज्यांना शंका आहे त्यांनी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत एखादी संध्याकाळ घालवावी. २००७ साली सुरू झालेली ही नोंदवही सर्वांना फुकट पाहता येते. आपल्या विषयावर कोणी काय नोंदवले आहे, किती रुग्ण ठरवले होते, आणि त्यातल्या कशाचे निकाल पुढे कुठेच दिसत नाहीत, हे तिथे कळते. विषय निवडण्यापूर्वी एवढे केले तरी पुष्कळ.

माझ्या स्वतःच्या तक्त्यात शेवटी एक रकाना आहे: 'संपर्क तुटला'. प्रत्येक प्रबंधात तो असतो, आणि तिथे एक आकडा लिहून पुढे जायची प्रथा आहे. मी दर गुरुवारी दुपारी त्या रकान्यातल्या लोकांना फोन लावते, कन्नडमध्ये, मराठीत, दखनीला एक सहकारी असते. एक नंबर मुलाचा होता आणि तो गल्फला गेला. एक रुग्ण वारले होते, आणि घरच्यांना कळवायचे कोणाला हे माहीत नव्हते. एका बाईंनी सांगितले की यजमान आता ठीक आहेत, शेतावर जातात, मग येऊन काय सांगायचे. असे तीन निकाल एकाच आकड्यात गेले असते. पावसाळ्यानंतर बेळगाव जिल्ह्यातल्या काही घरी प्रत्यक्ष जाण्याची परवानगी नैतिक समितीकडे मागितली आहे.

प्रश्नावलीत 'चारचौघांत बसून जेवता का?' हा प्रश्न राहिला आहे. त्याला गुण किती द्यायचे यावर समितीत एकमत झालेले नाही. एका सदस्यांच्या मते तो पुनर्वसनाचा प्रश्नच नव्हे, समाजशास्त्राचा आहे. पुढची बैठक शनिवारी आहे.