अडतीस ओळींचं पान

२ सप्टेंबर २०२४, सोमवार. पोळा

पोळ्याचे फ्लेक्स कालच गेले, त्यामुळे आज दुकानात शांतता. दुपारी सर दिवाळी अंकाचं साहित्य घेऊन आले. पिशवीत हातानं लिहिलेले लेख, पेनड्राइव्हमध्ये टाइप केलेले, बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर. पानं ९६, आकार क्राऊन पाव, मधला फॉर्मा रंगीत, बाकी काळा. वसुबारसेच्या आत अंक हातात हवा.

सरांनी मागच्या वर्षीचा अंकही आणला होता. तो दुसरीकडे लावलेला. एका पानावर दोन कॉलम, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर चौकटीभोवती वेलबुट्टी. प्रत्येक पान वेगळ्या माणसानं लावावं तसा. सर म्हणाले, "ताई, औंदा अंक एका हातचा वाटला पाहिजे." मी म्हटलं, मग पहिला आठवडा एकही पान लावणार नाही, फक्त मापं काढणार. सरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. तरी ते हो म्हणाले.

५ सप्टेंबर, गुरुवार

आधी कागद. २० बाय ३० इंचाचा ताव, त्यात १६ पानांचा एक फॉर्मा. कापून उरतं ते पान सव्वासात बाय साडेनऊ इंच.

मग ओळ. 'मुक्ता' हा फॉन्ट घेतला. मुंबईच्या 'एक टाइप'चा, सगळ्यांना मोकळा. १२ पॉइंट. सॉफ्टवेअर स्वतःहून १२ ला १४.४ चं लीडिंग (ओळीपासून ओळीचं अंतर) देतं, कारण ते रोमन अक्षरांच्या सवयीचं आहे. आपल्या अक्षराला वर आणि खाली अशी दोन्हीकडे वस्ती. प्रिंट काढून भिंगाखाली धरलं. वरच्या ओळीत 'कुटुंबातून', खालच्या ओळीत नेमका तिथेच 'सर्वांनी'. वरचा उकार आणि खालचा रफार-अनुस्वार एकमेकांना चिकटले होते. १६ वर सुटले, पण वाचताना दाटी वाटते. १८ वर पान श्वास घेतं.

साडेनऊ इंच म्हणजे ६८४ पॉइंट. भागिले १८, बरोबर ३८. बाकी शून्य. असा भागाकार जुळला की अर्धं काम झालं म्हणायचं. वर ३ ओळी मोकळ्या, खाली ४ (पानाचा आकडा त्यातच), मधे ३१ ओळी मजकूर. त्या ३१ चे ७-७ ओळींचे चार मजले आणि त्यांच्यामधे एकेक रिकामी ओळ. फोटो, चौकट, जाहिरात, काहीही असो, ते याच मजल्यांवर सुरू होईल आणि याच मजल्यांवर संपेल.

८ सप्टेंबर, रविवार

आज उभे गाळे. मजकुराची रुंदी सहा इंच, आत अर्धा इंच, बाहेर पाऊण. बाहेर जास्त का? पिन मारलेल्या जाड अंकात आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमधे त्यांचीच कड जास्त जाते.

सहा इंचांत सहा गाळे, मधे १२ पॉइंटची फट. सहाच का, तर सहाचे दोन होतात, तीनही होतात. कथेला तीन-तीन गाळ्यांचे दोन कॉलम, बातमीवजा मजकुराला दोन-दोनांचे तीन. पण तीन कॉलमात मराठी शब्द अडतात. 'शेतकऱ्यांच्यासाठीसुद्धा' एवढा शब्द अरुंद कॉलमात आला की दोन्ही कडा जुळवण्याच्या नादात उरलेल्या शब्दांमधे पांढरे खड्डे पडतात. म्हणून नियम: अरुंद कॉलमची उजवी कड मोकळी ठेवायची.

कार्ल गेर्स्टनर या स्विस माणसानं १९६२ मधे 'कॅपिटल' नावाच्या जर्मन मासिकासाठी ५८ घरांची चौकट केली होती. मधे दोन घरांची फट ठेवली की ५८ चे दोन कॉलम २८-२८ चे, तीन १८ चे, चार १३ चे, पाच १० चे, सहा ८ चे. कुठेही बाकी नाही. माझं पान त्यापुढे साधंच.

ही उभी-आडवी चौकट, म्हणजे ग्रिड, काय कामाची, असं भावानं विचारलं. तो शेतीवाला. त्याला म्हटलं, सोयाबीन तासात पेरतोस, तिथे डवरा एकाच बाजूनं चालतो. कपाशी फुलीवर लावतोस, तिथे उभाही चालतो, आडवाही चालतो. नुसते कॉलम म्हणजे सोयाबीन. हे फुलीवरचं पान आहे. त्याला लगेच कळलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

आबा आले. खामगावच्या एका छापखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं खिळे जुळवण्यात घालवली. स्क्रीनवरच्या निळ्या रेघा बघून म्हणाले, "हे तं आमच्यापाशी बी होतं, पर दिसत नव्हतं." शिशाच्या खिळ्यांत मापाबाहेर जायची सोयच नव्हती. दोन ओळींमधे शिशाची पट्टी घालायची, मोकळी जागासुद्धा धातूनं भरायची. रिकामी जागा हाताला लागायची, तिचं वजन असायचं. कॉम्प्युटरवर ती फुकट मिळते, म्हणून कोणी तिचा हिशोब ठेवत नाही.

त्यांना अडचण दाखवली. १२ पॉइंटच्या मजकुराशेजारी ९ पॉइंटची फोटोओळ. सॉफ्टवेअर दोघांचे पाय एका रेषेत आणतं. पण मराठी डोळा पायांवरून चालत नाही, शिरोरेषेवरून चालतो. पाय जुळले आणि डोकी वरखाली राहिली की पान वाकडं वाटतं, कोणाला कारण सांगता येत नाही. आबा म्हणाले, पहिली ओळ डोक्यानं जुळव, पुढच्या आपोआप निभावतात. तसंच केलं. फोटोची वरची कड शिरोरेषेला, खालची कड अक्षरांच्या पायांना. वेलांटीच्या टोकाला कड लावून पाहिली, तर फोटो उचलल्यासारखा दिसला.

देवनागरी अक्षरजुळणीवर बापूराव नाईकांनी तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, १९७१ चा. त्या विद्येचा बराच भाग आबांसारख्यांच्या बोटांतच होता.

२२ सप्टेंबर, रविवार

ना. घ. देशपांडे यांच्यावरचा लेख लावला. आपल्या मेहकरचे वकील, 'शीळ'चे कवी. जी. एन. जोशींच्या आवाजातली तबकडी महाराष्ट्रभर वाजली. 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार. सरांना त्यांच्या फोटोमागे सूर्यास्त हवा होता. मी फोटो दोन गाळ्यांत, दोन मजले उंच ठेवला आणि त्याच्यावरचे दोन मजले कोरे सोडले.

सर म्हणाले, "एवढी जागा कायले सोडली? दोन चारोळ्या बसल्या असत्या."

म्हटलं, सर, बसल्या असत्या, पण मग हा माणूस कोण ते कोणी पाहिलं नसतं. लगेच पटलं नाही. रात्री फोन आला, "राहू दे."

कविता मधोमध लावायची सगळ्यांना सवय. मधोमध लावली की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते आणि ओळ कुठे तोडायची हा कवीचा निर्णय पुसला जातो. सगळ्या कवितांची डावी कड दुसऱ्या गाळ्यावर बांधली. पहिला गाळा कवीच्या नावापुरता.

२९ सप्टेंबर, रविवार

लोणार. मधली जोडपानं, ४८ आणि ४९. पिन मारलेल्या अंकात दोन पानं एकाच कागदावर सलग छापली जातात ती फक्त इथे. बाकी कुठेही दोन पानांवर फोटो पसरवला तर त्याचे दोन अर्धे वेगवेगळ्या जागी छापले जातात. शाईत फरक पडतो आणि क्षितिजाला पायरी येते.

लेखकाला नासाची २०२० च्या उन्हाळ्यातली उपग्रहचित्रं मोठी हवी होती, आधी हिरवं तळं आणि मग गुलाबी. हिशोब मांडून दाखवला. लँडसॅटच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. विवराचा व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अख्खं विवर साधारण ६० ठिपक्यांत. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. पानभर केलं तर तळ्याऐवजी फरशा दिसतील. दोन्ही चित्रं एकेका गाळ्यात, एकाखाली एक लावली. लहान असल्यानं उलट रंगातला फरक चटकन दिसतो.

मोठा फोटो काठावरून काढलेला, गावातल्याच पोराचा. डावं पान पूर्ण, उजव्या पानाचे दोन गाळे, तीन बाजूंनी कडेपर्यंत. उजवे चार गाळे मजकुराला. घडी फोटोच्या बरोबर मधून जात नाही, पाऊण अंतरावरून जाते, तिथे नुसतं पाणी आहे. देवळाचं शिखर घडीपासून चांगलं लांब.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

संध्याकाळी बातमी आली: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. सोबत पाली, प्राकृत, असमिया, बंगाली. सरांचा फोन लगेच, "अंकात आलंच पाहिजे!" पण पानं वाढवायची तर चारच्या पटीत. मग चौथ्या पानावरची विषयसूची एका मजल्यानं आटोपली आणि खाली एक पूर्ण मजला मोकळा केला. सात ओळी. सरांनी सात ओळींतच टिपण लिहिलं. म्हणाले, मोजून लिहायचं ठरलं की विशेषणं आपोआप गळतात.

९ ऑक्टोबर, बुधवार

जाहिराती. यंदाचं दरपत्रक मीच आखलं होतं: पूर्ण पान, अर्धं, पाव, आणि एक मजला अर्ध्या रुंदीत. मधलं काही नाही. एका कृषी सेवा केंद्राचे भाऊ अर्ध्या पानाचे पैसे घेऊन आले, फोटो अकरा.

"ताई, बसवा ना कसेबी."

"भाऊ, एका फोटोला दोन गाळे, एक मजला. अर्ध्या पानात वरच्या मजल्यावर तीन चेहरे, खालच्यावर मजकूर. अकरा घातले तर तुमचाच चेहरा बटणाएवढा होईल."

त्यांनी कागदावरच्या घरांवर बोट ठेवून मोजलं. मग तीन फोटो निवडले, बाकीच्यांची नावं दिली. वाद झाला नाही. 'मला बरं दिसत नाही' म्हटलं असतं तर तासभर गेला असता. ग्रिडचा मला सर्वात मोठा उपयोग हाच. नकार माझा राहत नाही, पानाचा होतो. आणि तो सगळ्यांना सारखा.

शेतमालाच्या हमीभावाचा तक्ताही आज लावला: सोयाबीन ४,८९२, तूर ७,५५०, लांब धाग्याचा कापूस ७,५२१. आकडे उजव्या कडेला टेकवले. एककाखाली एकक आला की कोण जास्त, कोण कमी हे वाचावं लागत नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल विधानसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. २० नोव्हेंबरला मतदान, आचारसंहिता लागू. इच्छुकांपैकी एकानं दोन पूर्ण पानं घेतली होती. सकाळीच त्यांच्या माणसाचा फोन, जाहिरात थांबवा, खर्चात धरतील. दोन पानं एका झटक्यात रिकामी, आणि छपाई सोमवारी.

जाहिरात चार मजल्यांची होती, म्हणून तिच्या जागी चार मजल्यांचं काहीही बसणार होतं. जिल्हा परिषद शाळेच्या मुलांची चित्रं सर केव्हापासून देत होते आणि जागा नाही म्हणून ती पडून होती. एका पानावर आठ चित्रं, तीन-तीन गाळ्यांची, सगळी सारखी. दुसऱ्या पानावर तसंच करणार होते, पण त्यात एका मुलीचा बैल आहे. शिंगांना बेगड, डोळा मात्र थकलेला, पोळ्याच्या रात्रीचा. आबा बाजूला बसले होते. म्हणाले, "याले बी तेवढंच घर?" नाही म्हटलं. बैलाला वरचे दोन मजले पूर्ण रुंदीत दिले, खाली चार चित्रं. चौकट सगळ्यांना सारखी असते, वाटणी सारखीच हवी असं ती सांगत नाही. कोणाला किती द्यायचं ते बघणाऱ्यानं ठरवायचं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

खामगावला छापखान्यात. सोयाबीन काढणीमुळे एसटी अर्धी रिकामी. मशीनवर पहिला ताव आला तो उजेडाकडे धरला. पुढच्या पानाच्या ओळी आणि पाठीमागच्या पानाच्या ओळी एकावर एक बसल्या होत्या. पातळ कागदात ओळींच्या मधल्या जागेतून पाठची अक्षरं डोकावतात आणि पान मळकट दिसतं. इथे मधली जागा पांढरीच राहिली. मशीनमन म्हणाला, दिवाळी अंकात हे कोणी पाहत नाही. मी म्हटलं, पाहत नाहीत, पण वाचायला त्रास झाला की अंक ठेवून देतात.

२७ ऑक्टोबर, रविवार

अंक आले. उद्या वसुबारस. कोणी ग्रिडबद्दल एक शब्द बोललं नाही. "औंदा वाचाले सोपा झाला" असं दोघातिघांनी म्हटलं, तेवढं पुरे. शुभेच्छुकांपैकी एकाची तक्रार, बैलाला माझ्यापेक्षा मोठी जागा. सरांनी परस्पर उत्तर दिलं, बैलानं पैसे मागितले नाहीत.

संध्याकाळी शाळेच्या मॅडम आल्या. मुलांना हस्तलिखित काढायचंय, ही फाइल द्या म्हणाल्या. फाइल दिली नाही. त्यांचं पान कार्डशीटचं, पेन स्केचपेन आणि हात सातवीतला. १८ पॉइंट तिथे काही कामाचे नाहीत. प्रत्येक मुलानं आपल्या नेहमीच्या अक्षरात दहा ओळी लिहून आणायच्या, उकार-वेलांट्या एकमेकींना लागू न देता. त्या दहा ओळींची उंची पट्टीनं मोजू, दहानं भागू आणि मग पान आखू. भागाकार त्यांनाच करायला लावणार आहे.