महाकाली दरवाजाचा खोटा शिलालेख

१/ वऱ्हाडातील किल्ल्यांवरील या धाग्यात आजवर वेढे, तह आणि सनावळ्या यांविषयी लिहिले. आज एका चुकीविषयी लिहायचे आहे. इतिहासात खोट मिसळणारा या वेळी कोणी दरबारी बखरकार नव्हता. ती मीच होते.

२/ अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर नरनाळा किल्ला उभा आहे. त्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकाच्या अखेरीस, बहमनी अमलात, फत्हउल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. याच फत्हउल्लाने १४९० च्या सुमारास वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही स्थापन केली. फिकट वालुकाश्म, दगडात कोरलेली कमळे, दगडी जाळ्या, पुढे आलेले सज्जे आणि अरबी लिपीतील लेख ही या दरवाजाची ओळख.

३/ हा दरवाजा नवा असताना कसा दिसत असेल, या कुतूहलाने मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका चित्रनिर्मिती साधनाला त्याचे वर्णन दिले. समोर आले ते लाल दगडाचे, फुगीर घुमटांचे भव्य प्रवेशद्वार, आणि पुढ्यात सजवलेला हत्ती. अशी साधने इंटरनेटवरील चित्रे आणि त्यांखालील मजकूर यांच्या कोट्यवधी जोड्यांवरून शिकलेली असतात. तेथे आग्रा आणि जयपूर उदंड, नरनाळा मोजका. माहिती जेथे तुटपुंजी असते, तेथे यंत्र गप्प राहत नाही. जे वारंवार पाहिले आहे तेच तेथे भरते.

४/ म्हणून मी ‘अधिक सेटिंग्ज’ उघडले. चित्राचा आरंभ निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून होतो. हा आरंभीचा गोंधळ कोणता, हे ठरवणारा क्रमांक म्हणजे ‘सीड’. तोच क्रमांक आणि बाकी सारे तेच ठेवले, तर तेच चित्र पुन्हा मिळते. ‘गायडन्स’ हा आकडा यंत्राने आपल्या शब्दांना किती घट्ट धरून राहावे हे सांगतो. ‘निगेटिव्ह प्रॉम्प्ट’मध्ये जे नको ते लिहायचे.

५/ मी घुमट, लाल दगड आणि हत्ती नकोत असे लिहिले. ते बरेचसे गेले. गायडन्स ७ वरून १५ वर नेला, तर रंग भडक झाले आणि कडा कठीण झाल्या, पण दरवाजा काही नरनाळ्याचा झाला नाही. हा आकडा माझ्या शब्दांवरची निष्ठा वाढवतो, पुराव्यावरची नव्हे, हे त्या रात्री ध्यानात आले.

६/ अखेरीस गडावर स्वतः काढलेले छायाचित्रच मी आधाराला दिले. येथे ‘डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ’ नावाची पट्टी असते, ० ते १. शून्याजवळ मूळ चित्र जवळपास तसेच राहते. एकाजवळ त्याचा मागमूस उरत नाही. मी ०.७ ठेवले. चित्र विलक्षण सुंदर आले. कौतुकाच्या भरात, खाली एक ओळही न लिहिता, मी ते घरच्या ग्रुपवर टाकले.

७/ आठवड्याभराने अकोटच्या मामांनी तेच चित्र मला पाठवले. ते कुठून कुठून फिरून त्यांच्याकडे आले होते आणि आता त्यावर ‘नरनाळ्याचा शंभर वर्षांपूर्वीचा दुर्मीळ फोटो’ असे लिहिले होते. मामांनी प्रेमाने जोडले होते, “पोरी, हे तुह्या अभ्यासाच्या कामी पडन.”

८/ मी चित्र मोठे करून पाहिले. जेथे लेख होता, तेथे अक्षरांसारखी वळणे होती. अक्षर मात्र एकही नव्हते. घुमट चुकला तर जाणकार हसून सोडून देईल. पण लेख हा पुरावा आहे. दरवाजा कोणी आणि केव्हा बांधला, हे आपण त्या दगडावरून सांगतो. मी त्या दगडावरचे शब्द पुसून तेथे शब्दांचा भास कोरला होता.

९/ दुसऱ्यांदा मी ती पट्टी ०.३ वर आणली. लेख आणि जाळ्या आखून घेऊन त्या भागाला यंत्राने हात लावू नये अशी सोय केली. चित्रावरच ‘कल्पनाचित्र’ असे लिहिले. खाली सीड, पट्टीचा आकडा आणि कोणता भाग अंदाजाने भरला आहे, हेही नोंदवले. ग्रंथाचा पृष्ठांक देतो, त्याच न्यायाने. मामांना फोन केला. त्यांनी विचारले, “मंग आधीचा खोटा व्हता काय?” मी म्हणाले, “हो मामा. अन् तो मीच केला होता.”

१०/ अनेकांनी गाविलगडाच्या लढाईचे ‘अगदी खरे वाटेल असे’ चित्र मागितले आहे. अमरावती जिल्ह्यातील हा गड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी घेतला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग तेथे लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनंतर. त्यामुळे त्या लढाईसाठी ‘छायाचित्र’ ही शैली निवडणे हीच पहिली खोटी नोंद ठरेल. ते चित्र मी करणार नाही. गडाचा नकाशा आणि आजची छायाचित्रे देईन.

११/ एक विनंती. लाल नसलेल्या, घुमट नसलेल्या, अतिशय देखण्या महाकाली दरवाजाचा ‘दुर्मीळ फोटो’ आपल्यापर्यंत आला, तर त्यावरील लेख मोठा करून पाहा. अक्षरे लागत नसतील, तर ते चित्र माझे आहे. कृपया पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवले, त्यांनाही कळवा.